दारात मी बोलेन

६ जानेवारी

ताई,

फोन वाजला तर माणूस तो वाजू देऊ शकतं, हे तू मला नऊ वर्षं दाखवते आहेस. पत्राचं तसं होत नाही. ते दाराखालून आत येतं आणि कधीतरी उचलावंच लागतं. उचललंस तर उभ्या उभ्याच वाच. बसून वाचण्याइतकं त्यात काही नाही.

कामाचं आधी सांगते. तुमच्या गावच्या दुकानदार मंडळाचं मला पत्र आलं आहे. छापील कागद, खाली चिटणीसांची सही. चिटणीस म्हणजे तोच, चष्मेवाल्याचा थोरला, जो शाळेत तुझ्या वहीतून गणितं उतरवायचा. त्यानं फार अदबीनं विचारलं आहे की शहरातल्या महिलांसाठी आपण ज्या एकदिवसीय खरेदी सहली काढता, त्या आसपासच्या सगळ्या लहान गावांना जातात, मग आमच्याच गावानं काय घोडं मारलं आहे. घोडं हा शब्द माझा. त्यानं 'आमच्याच गावाचा विचार का झाला नसावा' असं लिहिलंय.

आता थोडी फुशारकी मारते, कारण तू समोर असतीस तर मारू दिली नसतीस. दोनशे बारा सहली झाल्या, ताई. बावीस आसनांची बस आहे, तिच्या दारावर माझं नाव नाही पण बसला लोक माझ्याच नावानं ओळखतात. सहलीच्या शनिवारी सकाळी साडेसातला निघते आणि साडेसातला निघते म्हणजे साडेसातला निघते, एकदा एका मंत्र्याच्या मेहुणीला फुटपाथवर सोडून निघाले होते. तळ्याकाठच्या गावी साबणवाली आहे, ती माझ्या बायका यायच्या आधी घराच्या मागच्या पडवीत एका पातेल्यात साबण करायची, आता तिच्याकडे तीन कामाला आहेत. टेकडीवरच्या गावी जुनी घड्याळं दुरुस्त करून विकणारा म्हातारा आहे, तो आमची बस दिसली की दुकानातली सगळी घड्याळं एका वेळेवर लावतो, एरवी प्रत्येकाची वेळ वेगळी. पुलापलीकडच्या गावी वेताच्या टोपल्या, मातीची भांडी, जुनी पुस्तकं. ही गावं कोणाच्या खिजगणतीत नव्हती. आता शनिवारी तिथे दुपारी चहाला जागा मिळत नाही. हे मी केलं. एकटीनं नाही, पण मी केलं.

मंडळाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्या गावात बस आणायची आणि तुझ्या गल्लीत ती थांबवायची नाही, असं मला जमणार नाही. आणि तुझ्या गल्लीत ती थांबवायची की नाही हे मंडळ ठरवणार नाही, मीही ठरवणार नाही. पहिली बस मी तुझ्याच ब्रशांच्या दुकानाच्या दारात आणली होती. त्या दिवशीचा प्रकार मी उकरत नाही, तूही उकरू नकोस. एक शब्द लिही. हो किंवा नको. नको म्हणालीस तर मी मंडळाला नाही कळवीन आणि तुला पुन्हा कधी विचारणार नाही. फक्त एवढं लक्षात घे, आपल्या दोघींच्या अबोल्यापायी तुमच्या गावच्या कुंभाराचं, कापडवालीचं आणि त्या बिचाऱ्या चष्मेवाल्याचंही गिऱ्हाईक अडलेलं आहे.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझा शब्द आला नाही. 'नको' आलं नाही, याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावते आहे.

मधल्या वेळात तुला सांगते मी काम कसं करते. तुझ्या डोळ्यांसमोर माझं अजून तेच रूप असेल, दारात उभी राहून हातवारे करणारी. ती बाई राहिली नाही. माझे तीन नियम आहेत आणि बस सुटल्यावर मी ते म्हणून दाखवते, बायका आता माझ्याबरोबर म्हणतात.

पहिला, पहिला फेरा रिकाम्या हातानं. गावात पोचल्यावर एक तास काहीही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. मग चहा. मग खरेदी. नवीन आलेल्या बायका कुरकुरतात, म्हणतात मधल्या वेळात दुसरीनं उचललं तर. मी म्हणते, उचलू दे, तुमच्या नशिबातलं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की चहा पिता पिता निम्म्या वस्तू मनातून उतरतात आणि ज्या उरतात त्या घरी गेल्यावर माळ्यावर जात नाहीत.

दुसरा, वस्तू ज्यानं हातानं केली त्याच्याशी घासाघीस नाही. आणून विकणाऱ्याशी खुशाल करा, मीही करते, मला आवडतं.

तिसरा, करणाऱ्याच्या घरच्या गोष्टी बसमध्ये बोलायच्या नाहीत. नवरा आहे का, मुलं काय करतात, घर कसं चालतं, काही नाही. मागच्या महिन्यात एका नवीन बाईनं साबणवालीबद्दल विचारलं, हिच्यामागे कोणी आहे का हो. मी म्हटलं, फेस किती येतो ते बघा. बसमध्ये हशा झाला. हा नियम कुठून आला ते तुला सांगायला नको.

परतीच्या वाटेवर तास दीड तास असतो. त्यात मी एकेक वस्तू पारखायला शिकवते. टोपलीचा तळ कसा दाबायचा, मडकं कसं वाजवायचं. आणि ब्रश. माझ्या पिशवीत बाबांनी केलेला कपड्यांचा ब्रश असतो. मनगट ओलं करायचं, त्यावर ब्रश उलटा फिरवायचा, मग तळहातावर तीनदा आपटायचा आणि गळलेले केस मोजायचे. बाबा म्हणायचे तेच म्हणते, एक केस गळला तर ब्रशाची चूक, दोन गळले तर ब्रशवाल्याची. आतापर्यंत शे-दीडशे बायका तरी असा ब्रश पारखायला शिकल्या असतील. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या घरी ब्रश प्लास्टिकचे आहेत, ते आपटून आपटून त्या नवऱ्यांना वैताग आणतात.

आणखी एक. येत्या महिनाभरात तुझ्याकडे शहरातून कुणी बायका आल्या तर त्या आपल्या आपण आलेल्या असतील. लोक हल्ली फिरतातच. माझा त्यात काही संबंध नाही.

तुझी धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तू विचारायच्या आत मीच हात वर केले होते. हो, मीच पाठवल्या.

तिघी होत्या. उंच, पांढऱ्या केसांची, ती आमची हेडबाई. चौतीस वर्षं शाळेत होती, शेवटची अकरा मुख्याध्यापिका. गोल चेहऱ्याची ती नर्सबाई. आणि तिसरी तिची नणंद, तिला घरात बसवत नाही म्हणून आली. मला फक्त एवढं बघायचं होतं की तू बरी आहेस का आणि काम अजून हातानं करतेस का. स्वतः येण्याची छाती नव्हती. मी त्यांना पढवून पाठवलं होतं. साध्या बसनं जायचं. सहल म्हणायचं नाही. माझं नाव काढायचं नाही. गल्लीतून सहज जाताना पाटी दिसली म्हणून आत आलो, असं दाखवायचं.

नर्सबाई म्हणाली की सगळं नीट चाललं होतं. तू स्टुलावर बसून बाटलीच्या ब्रशाची तार पिळत होतीस, या म्हणालीस, पुन्हा कामाला लागलीस. त्यांनी फळीवरून ब्रश उचलले. आणि मग हेडबाईनं बाही वर केली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मनगट ओलं केलं आणि ब्रश उलटा फिरवला. तीनदा आपटला. तिच्यामागून नर्सबाईनं तेच केलं. तिच्यामागून नणंदेनं. एकामागून एक, शाळेत कवायत करावी तशा.

मी त्यांना काय बोलायचं नाही ते सगळं शिकवलं. हातांना काय सांगायचं ते विसरले. शहरातली कुठली बाई ब्रश घेताना मनगट ओलं करते, ताई? आपल्या घराबाहेर जगात हे कोणी करत नाही.

तुझे हात थांबले म्हणे. तू उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिलीस. आणि नेमकं तेव्हाच हेडबाईनं टोपीचा ब्रश तुझ्यापुढे धरून सांगितलं की याचे दोन केस आले. तू तो ब्रश उजेडात नेलास, अंगठ्यानं केस वेगळे केलेस आणि म्हणालीस, 'खरंय. हा झुबका सैल बसलाय.' आणि तो बाजूला ठेवलास.

मग तू विचारलंस हे कुणी शिकवलं. हेडबाईनं चौतीस वर्षं मुलांना खोटं बोलण्याबद्दल अंगठे धरायला लावले आहेत, तिला या वयात ते कसं जमावं. तरी तिनं माझं नाव काढलं नाही. एक बाई आहे, म्हणाली. कशी आहे, तू विचारलंस. कडक आहे, ती म्हणाली. यावर तू हसलीस असं हेडबाईचं म्हणणं. नर्सबाई म्हणते हसली नाही, खोकली. दोघींचं यावरून परत येताना बसमध्ये वाजलं. नणंदेला विचारलं तर ती म्हणते मी बाहेर मांजर बघत होते.

तू हसलीस की खोकलीस, ते मला कधीतरी सांग.

नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी बस निघून गेल्यावर तू रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहून एक वाक्य बोललीस. अडतीस ब्रश गेले आणि एकीनंही केस ओढून पाहिला नाही. मला तेव्हा वाटलं, काय ही बाई, सगळा माल खपला तरी तोंड वाकडं. ते वाक्य माझ्या डोक्यात शिरायला वर्ष गेलं. आज माझ्या एका बाईनं तुझा ब्रश परत केला. हे तुला लागलं असेल तर माफ कर. पण मी घरात एकटी होते आणि मी टाळी वाजवली.

तुझी धाकटी


९ मार्च

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली, कारण त्यांत मी चांगली दिसत होते.

हेडबाई आली त्या दिवसापासून तू 'हो' म्हणशील अशी मला आशा वाटायला लागली आहे. आणि आशा वाटायला लागल्यापासून झोप नीट लागत नाही. कारण तू हो म्हणालीस तर ते अर्धवट माहितीवर म्हणशील. त्या दिवशी मी जे बोलले त्यातलं निम्मंच तू ऐकलंस.

तू आलीस तेव्हा मी दारात उभी होते आणि चौदा बायका गल्लीत. तू मागच्या खोलीतून केसांची जुडी घेऊन आलीस आणि माझी शेवटची वाक्यं तुझ्या कानावर पडली. हिचा नवरा हिला सोडून गेला, पदरात मुलगी, वडील गेले, तरी हिनं हार मानली नाही. तेवढं ऐकून तू पांढरी पडलीस. बायकांचे डोळे भरून आले होते. एकीनं तुला मिठी मारली, तुझे हात तसेच खाली, एका हातात जुडी. पाव तासात फळ्या रिकाम्या झाल्या. बस गेल्यावर तू मला विचारलंस, 'तू माझे ब्रश विकत होतीस की मला?' मी म्हणाले, खपले ना. हे माझं उत्तर होतं, ताई. खपले ना.

आठवड्यानं त्या मिठीवाल्या बाईनं तुला पार्सल पाठवलं. जुने कपडे. तू ते जसंच्या तसं माझ्या पत्त्यावर पाठवलंस, वर चिठ्ठी होती, तुझ्या गिऱ्हाइकाचं माझ्याकडे आलं, परत करते. आणि खाली लिहिलं होतंस, कपड्यांखाली दोन किलो तांदूळ आहेत, ते कशाला ते कळलं नाही.

ते कशाला होते ते मी आज सांगते. तू मागच्या खोलीत होतीस तेव्हा मी त्या बायकांना सांगितलं होतं की ही बाई कित्येक दिवस उपाशी झोपते.

हे खोटं होतं. तुझ्या घरात कधी चूल अडली नाही, हे मला ठाऊक होतं. तू एकटीनं दुकान चालवत होतीस, मुलीला शिकवत होतीस, कोणाकडे हात पसरला नव्हतास, माझ्याकडे तर नाहीच. मी ते आधी ठरवलं नव्हतं. माझी पहिली सहल होती, ऑफिसातून नाव कमी होऊन दोन महिने झाले होते, घरी सगळे म्हणत होते बसा आता स्वस्थ. बायका ब्रश बघून पुढे सरकायला लागल्या आणि माझ्या तोंडून ते निघालं. निघाल्याबरोबर त्या थांबल्या. बोललेलं लागू पडतंय हे कळल्यावर जी गुदगुली होते ना, ती मला झाली. तुझ्या नावावर झाली.

त्यानंतरच्या दोनशेवर सहलींत मी पुन्हा तसं केलेलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण हा अभिमान ज्याच्यावर उभा आहे ते तुझ्यापासून लपवून मी तुझ्या दारात पाय ठेवू शकत नाही. आता तुला सगळं माहीत आहे. आता दे उत्तर. नको असलं तरी दे.

तुझी धाकटी


२० एप्रिल

ताई,

सहा आठवडे. टपालवाला मला बघून रस्ता बदलायला लागला होता. काल त्यानं स्वतः जिना चढून कार्ड आणून दिलं, म्हणाला, घ्या बाई, तुमच्याबरोबर माझीही सुटका.

तीन ओळींचं कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. 'उपाशी मी एकदाच झोपले, ते पार्सल आलं त्या दिवशी, रागानं. बस आण. दारात मी बोलेन.'

तुझं अक्षर बदललेलं नाही. बाबांसारखंच, प्रत्येक शब्द खिळा ठोकून बसवल्यासारखा.

खरं सांगू, पहिल्या दोन ओळींना मी रडले आणि तिसरीला मला राग आला. दारात तू बोलशील, मग मी काय करायचं? नऊ वर्षं दारांत उभं राहून बोलणं हेच माझं काम आहे. घड्याळवाला म्हातारा मी बोलायला लागले की स्वतःचं काम थांबवून ऐकतो, म्हणतो, माझ्या घड्याळांबद्दल मलाच नवीन कळतं. मी तुझ्याबद्दल एक अक्षर काढणार नाही, फक्त लाकूड, केस आणि तार यांबद्दल बोलेन, असं लिहायला बसलेही होते. यांनी मागून वाचलं आणि म्हणाले, 'तिनं अट घातलीय, निविदा मागवलेल्या नाहीत.' मी तो कागद फाडला.

तर तू बोल. मी मूग गिळून समोरच्या कुंभाराच्या पायरीवर बसेन.

मंडळाला कळवलं आहे. शनिवार, चार मे. बस तुझ्या गल्लीत शिरणार नाही, ती पाण्याच्या टाकीपाशी थांबेल. आमच्या ड्रायव्हरला आम्ही 'हूं' म्हणतो कारण तो तेवढंच बोलतो, तो तिथेच झोपेल, त्याला काही लागत नाही. बावीस जणी एकदम आत मावणार नाहीत, सात सात पाठवते. तुझ्याकडे पहिला फेरा रिकाम्या हातानं असेल, तेव्हा कुणी काही घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, त्या चहानंतर परत येतील. आल्या नाहीत तर मात्र त्यांना ब्रश आवडला नाही असं समज. मी कुणालाही मागे ढकलणार नाही.

आणि ताई, मुद्दाम जास्त माल करून ठेवू नकोस. जेवढा असेल तेवढा.

तुझी धाकटी


५ मे

ताई,

काल रात्री शेवटच्या बाईला तिच्या दारात सोडून घरी आले आणि आडवी झाले. आज रविवार आहे, सकाळ आहे, घरात कोणी उठलेलं नाही. जे समोर बोलता येणार नाही ते आत्ताच लिहून टाकते.

पहिल्या सात जणी आत गेल्या तेव्हा मी कुंभाराच्या पायरीवर बसले होते. तिथून तुझं अख्खं दार दिसतं पण ऐकू अर्धंच येतं. मला वाटलं होतं तू बिचकशील. तू त्यांना बसायला सांगितलंस आणि बोललीच नाहीस. गिरमिटानं लाकडाला भोकं पाडायला लागलीस. एक ओळ, दुसरी ओळ. मग केसांचा झुबका दुमडून तारेनं आत ओढलास. मग पुढचा. मी मनातल्या मनात म्हणत होते, अगं बोल, बायका उठतील. एकही उठली नाही. दहाबारा झुबके झाल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस, धुतला की कुशीवर वाळवायचा, पाठीवर ठेवलात तर लाकडात पाणी मुरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघींनी लिहून घेतलं.

मी दहा मिनिटं बोलते. तू एका वाक्यात त्यांच्या मनात जागा केलीस. मला हेवा वाटला, मग बरं वाटलं, मग पुन्हा हेवा वाटला.

चहानंतर सतरा जणी परत आल्या. मंडळाचा चिटणीस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मोजत होता आणि मला बोटांनी खुणावत होता. बँकेतल्या बाईनं भेट द्यायला सहा ब्रश मागितले तेव्हा तू विचारलंस कशासाठी हवेत. ती म्हणाली, असेच, देण्यासाठी. तू म्हणालीस, 'कोण काय घासणार आहे ते ठरवून या, तसे काढून देते,' आणि तिला एकच दिलास. मी पायरीवरून उठलेच होते. अशा वेळी मी धावत जाऊन गोड बोलून सगळं सावरते. कुंभारानं माझ्या पदराला धरून खाली बसवलं. म्हणाला, बसा हो, त्या रोजच असं करतात. आणि बँकेतली बाई परतीच्या वाटेवर तो एक ब्रश मांडीवर घेऊन बसली होती, कोण काय घासतं याची यादी करत.

मग ती शेवटची गोष्ट. तिच्यासाठी हे पत्र आहे.

दुकानात चौघी उरल्या होत्या. तू हाक मारलीस, आत ये गं, किती वेळ उन्हात बसशील. नऊ वर्षांनी मी त्या उंबऱ्याच्या आत आले, आणि फळी कुठे, स्टूल कुठे, हे बघण्याऐवजी माझं लक्ष तुझ्या केसांतल्या पांढऱ्या बटेकडे गेलं. पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीनं विचारलं की या ट्रिपवाल्या बाई एरवी थांबत नाहीत म्हणे बोलायच्या, आज गप्प का, तुमची यांची ओळख आहे का.

तुला वाटलं असतं तर तू तेव्हा काहीही बोलू शकली असतीस. सगळं खरं बोलली असतीस तरी मला खाली मान घालावी लागली असती. तुझा हक्क होता.

तू हातातला भुसा झटकलास आणि म्हणालीस, 'ही माझी धाकटी बहीण. हिला गिरमिट कधी सरळ धरता आलं नाही, हिनं पाडलेली भोकं सगळी तिरकी. पण ही लोकांना वस्तू बघायला शिकवते. आमच्या बाबांना ते जमलं नाही, मलाही नाही. आम्ही नुसते करत राहिलो.'

आणि पुढच्या बाईचा ब्रश कागदात बांधायला घेतलास.

नवऱ्याचं नाही, नोकरी गेल्याचं नाही, अबोल्याचं नाही. तू माझ्याबद्दल बोललीस आणि त्यात सगळं कामाचंच होतं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती मुलगी 'अच्छा' म्हणाली आणि माझ्याकडे नीट पाहायला लागली. मला इतकी वर्षं वाटत होतं की कुणी आपलं कौतुक केलं की आत कुठेतरी ऊब येते. तसं काही झालं नाही. मी ताठ उभी राहिले, एवढंच. पाठ आपोआप सरळ झाली.

मग तू जेवायला थांब म्हणालीस, राहा म्हणालीस, मुलीची खोली रिकामीच आहे म्हणालीस. मी नाही म्हटलं. बावीस जणी माझ्या भरवशावर आलेल्या, त्यांना एकेकीच्या दारात सोडल्याशिवाय माझा दिवस संपत नाही. सांगताना मला भीती वाटली की तू पुन्हा दार लावशील. 'बरोबर आहे,' म्हणालीस. 'आणल्यास तशा पोचव. मग ये. रिकामी ये.'

बसमध्ये बायकांनी मला घेरलं. सख्खी बहीण का, मग इतकी वर्षं या गावाला का नाही आणलंत, त्यांचे मालक काय करतात. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून हेडबाईचा शाळेतला आवाज आला, नियम तिसरा. सगळ्या गप्प झाल्या. फक्त 'हूं' म्हणाला, हूं.

तर मी रिकामी येते आहे. बुधवारी, दुपारच्या साध्या बसनं. पुढच्या शनिवारची सहल हेडबाई नेईल, तिला कधीपासून न्यायची होती. हे पत्र आज टाकलं तरी तुला गुरुवारी मिळेल, म्हणजे ते येईल तेव्हा मी तुझ्या घरातच असेन. आलं की मागच्या खोलीत जाऊन एकटीनं वाच. मी काही लिहिलं होतं असं मी दाखवणार नाही, तूही विचारू नकोस. तू वाचत असशील तोवर मी पुढे दुकानात बसते. गिऱ्हाईक आलं तर तुला हाक मारीन.

तुझी धाकटी